काचेवरची चिलटं

गयासुद्दीननं पुसलेल्या काचेवर माशी बसत नाही. तिथं काच आहे हेच तिला कळत नाही, आरपार जायला बघते आणि नाक फोडून घेते, असं बडनेऱ्यात सांगतात. ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती खुद्द गयासुद्दीननंच, पण आता ती साऱ्या गावाची झाली आहे. अकोल्याकडून येणारा रस्ता अमरावतीत शिरायच्या आधी, बडनेऱ्याजवळ एका कडुनिंबाखाली त्याचं गाड्या धुवायचं ठिकाण. सिमेंटची टाकी, पाण्याची मोटर, एक बाज, आणि बाजेवर चादरीत बांधलेला पिंजलेला कापूस.

कापूस यासाठी, की हा माणूस मूळचा पिंजारी. चाळीस वर्षं त्यानं गाद्या भरल्या. "अर्धी अमरावती माह्या गादीवर जन्माले आली," तो म्हणायचा, "अन् उरलेली अर्धी माह्याच गादीवर मेली." पुढं फोमच्या गाद्या आल्या, पिंजण बंद पडलं, आणि कापसाची सवय असलेले हात गाड्या धुवायला लागले. ट्रक-जीप कोणीही धुवावी. पण मोटारसायकलची पुढची काच, जिला काच म्हणायचं आणि असते प्लास्टिकची, तिच्यासाठी लोक लांबून वाट वाकडी करून त्याच्याकडे येत.

हायवेनं गाडी जोरात गेली की काचेवर किड्यांचा थर बसतो. उन्हात तो वाळतो, चिकटतो. मग कोणी कोरड्या फडक्यानं घासतो, कोणी पेपरच्या बोळ्यानं, आणि एका शहाण्यानं तर भांड्याची राख लावली होती. किडे जातात, ओरखडे राहतात. समोरून उजेड आला की सगळे ओरखडे एकदम पेटतात आणि रस्ता दिसेनासा होतो. गयासुद्दीन घासत नसे. गाडी आधी सावलीत लावायची, काच निवू द्यायची. मग कोमट पाण्यात शांपूचे दोन थेंब, त्यात कापसाची पातळ लादी भिजवायची, आणि तापल्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी ती काचेवर ठेवायची. मग चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत काचेला हात नाही. नंतर लादी वरून खाली नुसती उचलून घ्यायची. किडे तिच्यासोबत येतात.

"घासून काढते थो गाढव," तो सांगायचा. "एक डाव एक टोळ असा निवांत भिजला, का कापसाखाली जित्ता झाला, मले सलाम ठोकला अन् तिवशाकडे उडून गेला."

उचललेली लादी तो उन्हाकडे धरायचा आणि वाचायचा. मधमाशा असल्या तर गडी अचलपुराकडच्या संत्र्याच्या बहारातून आला. गव्हावरची हिरवी चिलटं असली तर तिवशाकडून. आणि अकोल्याच्या वाटेवर, मूर्तिजापूरच्या आगेमागे, हरभऱ्याच्या रानातून उठलेला काळा मावा काचेवर मिऱ्याची पूड सांडल्यासारखा दिसतो. यात थोडं खरं होतं. बाकीचं तो समोरच्याच्या बुटांची माती आणि तोंड बघून सांगायचा. पण उत्तर बरोबर निघायचं, आणि लोक आणखी चार जणांना घेऊन यायचे.

किशोर पहिल्यांदा आला तो जानेवारीच्या शेवटी. चाळिशीचा माणूस, अमरावतीत एका पतसंस्थेत कारकून. संध्याकाळचे पाच वाजले होते.

"चाचा, काच अशी करा का गाडी गावाच्या भाईर गेलीच नाई."

गयासुद्दीननं काचेवरची काळी पूड बघितली, माणसाकडे बघितलं, आणि कापूस भिजवता भिजवता म्हणाला, "अकोल्याचा मावा हाय. घरी सांगाचं नाई का?"

किशोर दचकला. मग कसंनुसं हसला. "घरी वाटते मी हापिसात असतो."

"मंग हापिसातच हाय तुमी. या कापसाखालून गेल्यावर खुदाले बी दिसाचं नाई."

तेव्हापासून शनिवार-रविवार सोडून तो रोज येऊ लागला. सकाळी नऊला अकोल्याकडे जाताना हात हलवायचा, संध्याकाळी पाचला काच धुवून घरी. गयासुद्दीनला असं गिऱ्हाईक मिळालं म्हणजे त्याला किती आनंद झाला असेल! सत्तरी गाठलेल्या माणसाला दुसऱ्याच्या भानगडीइतकं पौष्टिक काही नसतं. किशोर गळ्याला सारखा दुपट्टा गुंडाळायचा, उन्हातसुद्धा. एकदा तो सरकला तेव्हा मानेवर काळेलाल डाग दिसले. गयासुद्दीननं मान दुसरीकडे वळवली आणि मिशीत हसला. पंधरा वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा किशोरनं एका महिन्यात सोडला. बायकोच्या सांगण्यानं कोणी खर्रा सोडत नाही, सोडतो तो दुसऱ्या बाईच्या सांगण्यानं, हा गयासुद्दीनचा हिशेब. गडी वाळत चालला. आवाज बसला. चहा गार करून, घोटघोट, डोळे मिटून प्यायचा.

"किशोरभाऊ, इश्क लय बेक्कार चीज हाय. माणसाचा ढाचा करून टाकते."

"हाव चाचा," किशोर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हे तं लयच बेक्कार हाय."

"नाव तं सांगा. मी काय पेपरात छापतो?"

"पोरीची बारावी होऊ द्या. मार्चात शेवटचा पेपर झाला का घरी सांगतो, अन् तुमालेबी सांगतो." मग त्यानं खिशातून फोन काढला. "तुमचा नंबर द्या बरं. तिकडं कागदावर कोणाचा तरी लिहा लागते."

तुम्हीआम्ही असतो तर त्या मानेवरच्या डागांना, त्या गार चहाला आणि त्या कागदाला एकच नाव दिलं असतं, आणि ते नाव तोंडातून काढताना आवाज खाली आला असता. अमरावतीत दवाखाने कमी नाहीत. पण अमरावतीतल्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या दर तिसऱ्या माणसाशी किशोरचं नातं लागत होतं, म्हणून तो रोज नव्वद किलोमीटर जाऊन गळ्याला किरणांचा शेक घेऊन परत येत होता. गयासुद्दीनच्या मनाला हे शिवलंही नाही. ज्याला किड्याच्या पंखावरून गाव ओळखता येतं त्यानं माणसाच्या गळ्याकडे कशाला बघावं? त्यानं नंबर दिला. वर विचारलं, "तिच्या भावानं मारलं तं मले बोलवाले का?" किशोर हसता हसता खोकला आणि रुमाल तोंडाला लावून बराच वेळ बसला.

मार्चातल्या एका बुधवारी तो सकाळीच कडुनिंबाखाली थांबला. गाडीवरून उतरताना त्याला हँडल धरून उभं राहावं लागलं. आदल्या दिवशीची काच तशीच होती. मंगळवारी तो न थांबता सरळ घरी गेला होता.

"गाडी इथं राहू द्या चाचा. एस्टीनं जातो. संध्याकाळी येतो."

संध्याकाळी तो आला नाही. गयासुद्दीननं गाडीवर ताडपत्री टाकली. रात्र तिकडंच काढली काय, म्हणून त्याला थोडं कौतुक वाटलं आणि थोडी काळजी.

गुरुवारी सकाळी आठ वाजता एक भाड्याची गाडी येऊन थांबली. तीतून एक म्हातारा उतरला आणि मागून एक बाई. बाईनं ताडपत्रीखालून दिसणारा नंबर वाचला आणि तिथंच उभी राहिली. किशोरची बायको साधना, आणि त्याचे वडील नत्थुजी.

"हे गाडी इथं काहून?" नत्थुजींनी विचारलं.

"धुवाले दिली जी."

"अन् धनी?"

गयासुद्दीन टाकीतलं पाणी बघत राहिला. साधनाच बोलली. काल संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला, ऑडिट आहे, उशीर होईल. आणि मग फोन बंद. रात्री तिनं ऑफिसातल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, किशोर तर महिना झाला सुट्टीवर आहे. गाडी चाचाकडे धुताना पाहिली, हेही त्यानंच सांगितलं.

"महिना," साधना म्हणाली. "मी रोज डब्बा देऊन राहिली चाचा. रोज डब्बा खाली येते. कोण खाते मंग थो डब्बा?"

"कोणती बाई व्हय थे, तेवढं सांगा," नत्थुजी म्हणाले. "घर कुठी हाय तिचं? मी आणतो त्याले कान धरून."

"मामाजी, हळू बोला. लोक ऐकून राहिले."

"आयकू दे! पोरीची बारावी चालू अन् बाप..."

याच वेळी गयासुद्दीनच्या सदऱ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. बाजूला पाण्याची मोटर घरघरत होती, त्यानं एक कान बोटानं बंद केला.

"हॅलो, गयासुद्दीन काका का? मी अकोल्याहून बोलते," बाईचा आवाज आला, तरणा, घाईतला. "किशोर तुमचे कोण? त्यांनी तुमचंच नाव..."

समोर तीन हातांवर साधना उभी होती, त्याच्या तोंडाकडे बघत.

"राँग नंबर," गयासुद्दीन म्हणाला आणि फोन कापला. लगेच परत वाजला. त्यानं बटण दाबून धरलं, फोन पार बंद केला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकला. धीट बाई आहे, त्याला वाटलं. दिवसाढवळ्या फोन करते.

आता त्याच्यापुढं एकच काम होतं. दोस्ताची अब्रू वाचवायची. आणि त्यासाठी लागणारा सगळा माल त्याच्या जिभेवर तयार असायचा. त्यानं ताडपत्री ओढली, काचेपुढं वाकला, आणि डॉक्टर नाडी बघतो तसं बघत राहिला.

"बेटा साधना, तुह्या नवऱ्याचं गुपित मी फोडाले नाई पायजे. त्यानं कसम घातली. पण तुहं तोंड पाहून राहवत नाई. हे पाय. हे तिवशाकडची चिलटं. इथून तिथवर निरी तिवशाकडची. अन् हे बारीक काळं, हे नदीकाठचं. वर्धा नदीचं."

"वर्धा नदी?"

"कौंडण्यपूर. रोज जाते थो. पोरीच्या बारावीसाठी नवस बोलला देवीले. पेपर सरेपर्यंत रोज दर्शन घ्याचं, घरी कोणाले सांगाचं नाई. सांगतलं तं नवस फुकट. कालचा मुक्काम तिथंच काढला असन."

साधना काचेजवळ आली. ती शेतकऱ्याची लेक. तिनं बोट पुढं केलं. "हा तं मावा दिसते. हरभऱ्यावरचा."

"हात नोको लावू! घासल्या जाते." गयासुद्दीननं तिचं बोट हवेतच अडवलं. "मावा तं मावा. तिकडं काय हरभरा पेरत नाई लोक?"

तिनं बोट मागं घेतलं. मग तिच्या तोंडावर जे आलं ते गयासुद्दीननं चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. ती रडायला लागली आणि हसायलाही. "मामाजी, नवस बोलले हो. खुशीसाठी. अन् मी काय काय मनात आणलं रातभर."

"मले एका शब्दानं सांगाचं तं," नत्थुजी दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाले. "मी बी गेलो असतो संगं. चाल, तिथंच जाऊ."

साधनानं गयासुद्दीनचा नंबर घेतला. गाडी अमरावतीकडे, तिथून तिवशाच्या रस्त्याला, म्हणजे अकोल्याकडे पाठ करून निघून गेली. गयासुद्दीननं कापूस भिजवला. लादी काचेवर ठेवली, वरून थोडं पाणी सोडलं, आणि स्वतःसाठी चहा मागवला. पुन्हा कोणी जाणकार येऊन बघायच्या आत पुरावा गेलेला बरा. चहा संपल्यावर त्यानं लादी उचलली. एक ओरखडा नाही. मंगळवारचा सगळा अकोल्याचा रस्ता त्या कापसात आला, आणि तो कापूस त्यानं नालीत टाकला.

दुपारी एकच्या सुमाराला एका ट्रकवाल्याला फोन करायचा म्हणून त्यानं मोबाइल चालू केला. सकाळच्या नंबरावरून एकोणीस वेळा फोन येऊन गेल्याचा मेसेज होता. एवढी बेशरम! सुनावायचं ठरवून त्यानं नंबर लावला.

"कोण बोलून राहिली तू?"

"काका, मी नर्स आहे," तोच आवाज म्हणाला. आता तो घाईत नव्हता. "काल त्यांना इथंच ठेवून घेतलं होतं. पहाटे त्यांच्या गळ्यातून रक्त सुरू झालं. नातेवाईक म्हणून तुमचाच नंबर होता कागदावर. ते अकरापर्यंत शुद्धीवर होते. आता बॉडी घ्यायला कोणीतरी या."

गयासुद्दीन बाजेवर बसला. एक बुलेटवाला काच धुवायला आला होता. तो दोनदा 'चाचा' म्हणाला, आणि मग आपणच गाडी वळवून निघून गेला.

त्यानंतर साधनाचा फोन आला. पाठीमागं वारा होता आणि देवळाची घंटा. "चाचा, इथं कोणी पाहिलं नाई त्याइले. पुजाऱ्याले फोटो दाखवला. नदीवर पाहून आलो. तुमी काच नीट वाचली होती ना? अजून एक डाव पाहून सांगा."

त्यानं तोंड उघडलं. पहिल्यांदाच असं झालं की त्याच्या तोंडात एकच वाक्य होतं, आणि त्याला काही जोडता येत नव्हतं.

"परत या बेटा. नत्थुजीले फोन दे."

चार वाजता त्यांनी त्याला बडनेऱ्याहून गाडीत घेतलं. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. दोन्ही बाजूंना काढणी झालेला हरभरा. नत्थुजींचं डोकं समोरच्या सीटच्या पाठीला टेकलेलं होतं आणि गाडी उसळली की ते आपटत होतं. त्यांनी ते उचललं नाही.

दवाखान्यात नर्सनं कागद पुढं केले. तीस वेळचा शेक लिहिला होता, चोवीस झाले होते. एका पिशवीत त्याचा मोबाइल, रुमाल आणि जेवणाचा डबा होता. डबा रिकामा. बाहेर बाकांवर बसणाऱ्या एका आजीबाईला तो रोज द्यायचा म्हणे, आपल्याला गिळता येत नाही म्हणून.

"सकाळी मी फोन केला तर कोणीतरी राँग नंबर म्हणालं," नर्स म्हणाली. "हे सारखं विचारत होते, चाचा आले का, चाचा आले का. तुम्हीच का ते?"

"मीच," गयासुद्दीन म्हणाला.

साधनानं मान वळवली. "सकाळी? मी तुमच्यापुढं उभी होती तवा?"

"हाव."

"आठ वाजले होते."

"हाव बेटा."

"अकरापर्यंत होते म्हणते हे. दोन तासात पोचलो असतो आपण."

नत्थुजी उठले. म्हाताऱ्याचा हात वर झाला, आणि गयासुद्दीननं मान खाली घालून टोपी काढली, नीट लागावं म्हणून. पण हात तसाच खाली आला. साधना पडद्याआड गेली. ती बाहेर आली तेव्हा तिनं पदर कमरेला खोचलेला होता, शेतात कामाला उतरताना खोचतात तसा. बाहेर ऊन अजून होतं.

"उद्या खुशीचा बायोलॉजीचा पेपर हाय," ती गयासुद्दीनला म्हणाली. "शेवटचा. त्याच्यापायीच हे सारं त्याइनं लपवलं. उद्या दोनपर्यंत तिले कळू द्याचं नाई. सासूबाईलेबी नाई. तवापर्यंत हे इथं राहतीन, मी बोलली डॉक्टरसंग. पण पोट्टी सकाळपासून दहा फोन करून चुकली. माह्याच्यानं बोलनं होत नाई. मामाजीच्यानं होत नाई. तुमच्यानं होते."

"बेटा, मले हे नोको सांगू."

"काहून? सकाळी तं झालं." तिनं फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. "अन् नीट सांगा. मले जसं सांगतलं तसं."

पलीकडून लगेच आवाज आला. "आई! सापडले का बाबा?"

"मी गयासचाचा बोलतो पोरी. तुह्या बाबाची गाडी धुतो मी. सापडला, सापडला तुहा बाप. कौंडण्यपुरात बसला हाय, देवीपुढं. तुह्यासाठी नवस बोलला."

"नवस? बाबा? द्या बरं त्याइले फोन."

गयासुद्दीननं साधनाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"बोलाचं नाई त्याले. मौन धरलं. तुहा पेपर सरेपर्यंत एक शब्द तोंडातून काढाचा नाई. इशारे करून राहिला मले, का पोरीले सांगा अभ्यास कर म्हणून."

खुशी म्हणाली, "म्हणूनच काय! घरीबी बोलतच नव्हते. मले वाटलं आवाज बसला. मंग जेवतबी नव्हते थे? नवसाचंच?"

"नवसाचंच. उपास."

"अन् खर्रा?"

"थोबी देवीनंच सोडवला."

"अन् गळ्याले दुपट्टा काहून गुंडाळते?"

"त्याच्याखाली दोरा बांधला देवीचा," गयासुद्दीन म्हणाला. शब्द सरसर येत होते, नेहमीसारखे, एकाला एक धरून; त्याला ते थांबवता येत नव्हते. "लाल दोरा. कोणाले दाखवाचा नसते. मी पाहिला म्हणून मले मालूम. दिवा लागला का पुजारी त्याच्या हातावर तीर्थ देते, अन् तुहा बाप कसा बसते सांगू? गुडघे मोडून, डोळे मिटून. काल तं एक मोर आला पायरीवर, अन् त्याच्यासंगं बसून राहिला."

खुशी हसली. मग तिनं एकदम विचारलं, "चाचा, तुमी खोटं तं नाई ना बोलून राहिले?"

"मी? साऱ्या बडनेऱ्यात इचार."

"बरं. त्याइले सांगा, पेपर चांगला जाईन म्हणा."

"सांगतो."

साधनानं त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. नत्थुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांची पाठ हलत होती.

"सकाळी नवाले अजून एक डाव करजा," ती म्हणाली. "सेंटरवर जायच्या आधी फोन करन थे. इथंच बसून राहा तवापर्यंत. घरी जाचं नाई."

गयासुद्दीन बाकावर बसला.